कंट्रोलची वाइन

एका माणसाचे किती किस्से साठावेत, याला काही धरबंध असावा की नाही? कांबळे, अली मुकादम आणि मी, आम्ही तिघं आजही कुठं भेटलो, लग्नात, दवाखान्याच्या बाकावर, अगदी कुणाच्या मयतीला, तरी थोड्या वेळात एकजण म्हणतोच, "रेनातो असता तर..." झालं! मग पुढचा तास गेलाच समजा. घरचे वैतागतात. पण काय करणार, हे किस्से आम्ही कधी गोळा केले नाहीत. आम्ही आपले पुठ्ठा बनवत होतो.

साजगावला आमचा पुठ्ठ्याचा कारखाना होता. सत्तरच्या दशकात तिथं इटलीहून एक अवाढव्य मशीन आलं आणि ते बसवायला मशीनच्या मागोमाग रेनातो आला. मशीन बसलं, पण रेनातोचं येणं-जाणं काही वर्षं चालूच राहिलं. उंच, किंचित वाकलेला, डोळे कायम अर्धवट मिटलेले. बोलता बोलता मध्येच थांबायचा आणि खिडकीतून डोंगराकडे बघत राहायचा. आम्हाला वाटायचं, बिचारा इंग्रजी शब्द आठवतोय. प्रत्यक्षात तो पिएमाँतला जाऊन पोचलेला असायचा! पिएमाँत हा त्याचा प्रांत. तिथल्या एका टेकडीवर त्याच्या बापाचा द्राक्षमळा होता आणि बाप त्या द्राक्षांची वाइन करायचा. रेनातो मशीनबद्दल कामापुरतं बोलायचा, आणि वाइनबद्दल आपण थांबवेपर्यंत!

मी, पाटणकर, ड्रॉइंग ऑफिसात. इंग्रजी बरं म्हणून दुभाष्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. कांबळे फिटर लोकांचा फोरमन, खालापूरच्या बाजूचा. अली मुकादम जीप चालवायचा, मूळचा श्रीवर्धनकडचा, दोन पिढ्या खोपोलीत. आणि शेवंताबाई कँटीन सांभाळायच्या. बस्स, एवढीच आमची पार्टी.

* * *

आल्या आल्या रेनातोला परमिट काढायचं होतं. दारूबंदी तेव्हा बरीच पातळ झाली होती, तरी परमिट लागायचंच. मी त्याला घेऊन कचेरीत गेलो. तिथले साहेब सज्जन, शांत. त्यांनी पेन उघडलं आणि विचारलं, "देशी की विदेशी?"

मी रेनातोला विचारलं, "स्वतःच्या देशातली हवी की परक्या?"

रेनातो दुखावला. छातीवर हात ठेवून म्हणाला, "अर्थात माझ्या देशातली! माझा बाप स्वतः बनवतो!"

मी साहेबांना सांगितलं, "देशी म्हणतायत."

साहेबांनी पेन बंद केलं. चष्मा काढला. त्या सहा फुटी गोऱ्या माणसाकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि अत्यंत कळवळ्यानं म्हणाले, "नको हो! यांना नाही झेपायची!"

* * *

एका दुपारी कँटीनमध्ये रेनातोनं टेबलावर स्टीलचे तीन ग्लास मांडले. तिन्हीत पाणीच! पण तो असा काही बघत होता त्यांच्याकडे, की आम्हीही वाकून बघायला लागलो.

"पहिला ग्लास," तो म्हणाला, "विनो दा ताव्होला. टेबल वाइन. कुठलंही द्राक्ष, कुठलंही गाव. बाटलीवर गावाचं नाव मिरवता येत नाही."

"दुसरा." त्याचा आवाज खाली आला. त्यांच्याकडे त्रेसष्ट साली कायदा झाला होता. कुठला उतार, कुठलं द्राक्ष, एकरी किती पीक घ्यायचं, पिंपात किती काळ मुरवायचं, सगळं लिहून ठेवलेलं. ते पाळलं तरच गावाचं नाव लावायचं. याला त्यांनी लांबलचक नाव दिलं होतं, त्याचं लघुरूप डी. ओ. सी.

मी भाषांतर केलं, "म्हणजे मूळ गाव कंट्रोल केलेली वाइन."

शेवंताबाई भाकरी थापत होत्या. त्यांचा हात थांबला.

"कंट्रोलची?"

"हो."

"अवं, कंट्रोलचा तांदूळ मी बी आणते! खडं निवडून निवडून डोळं जातात. आन् सायबाच्या देशात चांगल्या मालाला कंट्रोलचा म्हनत्यात?"

मी रेनातोला रेशन दुकान समजावून सांगितलं. तो इतका हसला, की दुसरा ग्लास सांडला!

मग तिसरा ग्लास. डी. ओ. सी.च्या पुढं आणखी एक जी. जी म्हणजे गॅरंटी. या वाइनला आधी जाणकार लोक चाखून बघणार, मग बाटलीच्या तोंडावर सरकारी पट्टी चिकटवणार.

मुकादम तिन्ही ग्लासांवरून बोट फिरवत होता. तो म्हणाला, "म्हणजे पाटणकरसाहेब, आधी लिहून दिलं की माल असली हाय. त्यावर पब्लिकचा भरवसा बसला नाय. मग परत लिहून दिलं की आमी आधी लिहिलेलं ते खरं हाय. बरोबर?"

मी सांगितलं. रेनातोनं मुकादमकडे बराच वेळ टक लावून बघितलं.

"अली," तो म्हणाला, "तू कधी रोमच्या सरकारात नोकरीला होतास?"

* * *

दुसऱ्या दिवशी चहाला कांबळेनं विचारलं, "सायेब, त्या तिसऱ्या गिलासात कुठली कुठली वाइन बसते?"

"एकही नाही," रेनातो म्हणाला.

"म्हंजे?"

"वर्ग आहे. कायद्यात लिहिलेला आहे. पण त्यात अजून कुणाला घेतलेलं नाही."

कायदा होऊन दहा वर्षं उलटून गेली होती, आणि सगळ्यात वरचा वर्ग रिकामा! कांबळेनं बशी खाली ठेवली.

"पाटणकर, सायबाला सांगा, आमच्याकडं याला बॅकलॉग म्हनतात. जागा हाय, भरलेली नाय."

हे समजावता समजावता माझ्या नाकी नऊ आले. राखीव जागा म्हणजे काय, त्या का ठेवल्या, त्या रिकाम्या का राहतात, सगळं आलं त्यात. रेनातोनं शेवटी कांबळेलाच विचारलं, "म्हणजे तुमच्याकडे माणसांना लेबल लावतात?"

कांबळे शांतपणे म्हणाला, "तुमचं बरं हाय. बाटली भरता, चाखता, मग चिठ्ठी लावता. आमच्यात माणूस जन्माला यायच्या आदी चिठ्ठी छापून तयार. आमच्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली आन् ती चिठ्ठी सोलून काढली."

"निघाली?"

"चिठ्ठी निघाली, सायेब. डिंक जरा ऱ्हायलाय."

रेनातो त्या दिवशी खिडकीबाहेर बघायचं विसरला.

* * *

हिवाळ्यात मुकादम आम्हाला सकाळी सकाळी कुंभिवलीला घेऊन जायचा. हायवेच्या कडेला एक माणूस नीरा विकायचा. धुकं असं उतरलेलं असायचं, की ट्रक आधी ऐकू यायचे आणि मग दिसायचे. रेनातोला ते धुकं फार आवडायचं. त्याच्या बापाच्या मळ्यातल्या द्राक्षाचं नावच म्हणे धुक्यावरून पडलेलं. काढणीच्या दिवसांत तिथं असंच धुकं असतं.

पहिल्या दिवशी त्यानं नीरेचा ग्लास हातात घेतला. गोल फिरवला. वास घेतला. डोळे मिटले. पाठीमागे माणसं खोळंबली!

"हे काय आहे?"

"शिंदीच्या झाडाचा रस," मी म्हणालो. "पहाटे काढला की नीरा. सरकार स्वतः सांगतं, प्या, तब्येतीला चांगली. ऊन लागून आंबली की तीच ताडी. मग परवाना लागतो."

रेनातोचे डोळे पूर्ण उघडले. मी ते पहिल्यांदाच बघत होतो.

"तोच रस?"

"तोच."

"त्याच झाडाचा?"

"त्याच."

"आणि वर्ग कोण बदलतं?"

मुकादमनं बोट वर केलं. डोंगरामागून सूर्य नुकताच डोकं काढत होता.

"कमिटी नाही?" रेनातोनं विचारलं.

"एकाचीच कमिटी हाय, साहेब. पण रोज टायमावर येते!"

रेनातो भारावून गेला. आमच्या लोकांनी एवढे कागद रंगवले आणि इथं ऊन निकाल देतं, असं काहीबाही पुटपुटत तो तिथल्या दगडावर बसला. ग्लास हातातच. धुकं हळूहळू निवळत होतं, समोरचे डोंगर एकेक करून उगवत होते, आणि हा माणूस घोटाघोटानं, जणू स्वप्नात, पीत होता. मध्येच त्याला आठवण झाली. त्यानं मुकादमसाठी दुसरा ग्लास मागवला.

मुकादम दारूला शिवत नसे. त्यानं ग्लास नाकाजवळ नेला. सूर्याकडे बघितलं. परत वास घेतला. मग अदबीनं ग्लास खाली ठेवला.

"साहेब, पहिला गिलास पाक होता. हा आता इकडं-तिकडं करायला लागलाय. ह्याचं काय ठरतं ते ठरू द्या, तोवर मी जीपमध्ये बसतो!"

* * *

आमच्या कारखान्यात जेवणाचेही दोन वर्ग होते. ऑफिसर मेसमध्ये स्पेशल थाळी, कँटीनमध्ये साधी थाळी. स्पेशल थाळीत रोज काय असायचं ते वरून ठरून यायचं. साधी थाळी शेवंताबाईंच्या मर्जीवर. त्यांना सकाळी बाजारात जे भावेल ते दुपारी ताटात.

हळूहळू एकेक ऑफिसर कँटीनच्या मागच्या दारानं आत येऊन बसायला लागला. स्पेशल थाळ्या उरायला लागल्या!

रेनातोला यात काहीच नवल वाटलं नाही. तो म्हणाला, "आमच्याकडे तोस्कानात हेच चाललंय." तिथल्या एका नावाजलेल्या लाल वाइनमध्ये थोडी पांढरी द्राक्षं मिसळायलाच हवीत, असा नियम होता. काही शेतकऱ्यांना ते पटेना. त्यांनी पांढरी द्राक्षं वगळली, काहींनी तर परदेशी वेली लावल्या. कायदा म्हणाला, ठीक, मग तुमची वाइन साधी. टेबल वाइन. त्यांनी ते कबूल केलं. आणि ती साधी वाइन नियमवाल्या वाइनपेक्षा महाग जायला लागली!

"सगळ्यात खालच्या वर्गात सगळ्यात भारी माल!" रेनातो भाकरीचा तुकडा मोडत म्हणाला.

आमच्या मॅनेजरसाहेबांना मात्र हा गोंधळ सहन होईना. माणूस चांगला, पण शिस्तीचा. त्यांनी साधी थाळी स्पेशल म्हणून जाहीर केली आणि आठवड्याचा मेन्यू फळ्यावर लिहून लावला. सोमवार : सुकट, तांदळाची भाकरी.

सोमवार आला. शेवंताबाईंनी केलं वालाचं बिरडं!

साहेब स्वतः आले. "बाई, फळ्यावर सुकट लिहिलंय."

"वाचलं की, सायेब."

"मग?"

शेवंताबाई पदराला हात पुसत म्हणाल्या, "मग फळ्याला सांगा शिजवायला!"

रेनातोला मी भाषांतर करून सांगितलं, तेव्हा तो उठून उभा राहिला आणि एकटाच टाळ्या वाजवायला लागला. मॅनेजरसाहेब थोडा वेळ अवघडले, मग गुपचूप बाकावर बसले. दोनदा बिरडं मागून घेतलं त्यांनी!

* * *

पळसदरीच्या धरणावर रविवारी आम्ही जायचो. पाण्याच्या वर एक गवताळ उतार आहे. रेनातो तिथं पाठीवर पडायचा, टोपी तोंडावर ओढायचा आणि टोपीखालूनच बोलायचा.

"इथं वेली लावायच्या. पहिली रांग त्या दगडापासून. सकाळचं ऊन सरळ पानांवर."

"आन् पावसाळ्यात?" कांबळे विचारायचा.

"पावसाळ्याचा विचार मी करत नाही."

अशाच एका दुपारी त्यानं बापाची गोष्ट सांगितली. कायदा झाल्यावर त्यांच्या गावात अधिकारी नकाशा घेऊन आले. कुठपर्यंतच्या मळ्यांना नाव लावता येईल, याची रेष आखायची होती. टेकडीवरून एक ओढा खाली जायचा. ते म्हणाले, ही बरी सोय आहे, ओढ्यापर्यंत. रेनातोच्या बापाचा मळा ओढ्याच्या पलीकडे. तीच टेकडी, तीच माती, तेच द्राक्ष. पण ओढ्याच्या अलीकडचा शेजारी झाला डी. ओ. सी. आणि बाप झाला साधा!

"मग? भांडला नाय?" कांबळे उठून बसला.

"नाही. तो गप्प राहिला. थंडी आली तसं त्यानं फावडं घेतलं आणि रोज एकटा खणायला जायला लागला."

"काय खणायला?"

"ओढा."

आम्ही तिघंही बघत राहिलो. म्हाताऱ्यानं अख्खी थंडी खणून ओढा आपल्या मळ्याच्या पलीकडून वळवला! आता मळा ओढ्याच्या अलीकडे. मग त्यानं अंगावर चांगला कोट चढवला, अधिकाऱ्यांना बोलावलं आणि पाणी दाखवलं.

"काय म्हणाले ते?" मी विचारलं.

"म्हणाले, वा, फार सुंदर काम केलंत. पण रेष पाण्यात नसते, नकाशात असते."

धरणाच्या पाण्यावर ढगांच्या सावल्या सरकत होत्या. मग रेनातो म्हणाला, "त्या वर्षी मी मळा सोडून मशीनच्या शाळेत नाव घातलं. बाप अजून मला म्हणतो, तू नकाशावाल्यांकडे गेलास."

मुकादमनं थर्मासमधला चहा ओतला आणि पहिला कप त्याच्या हातात दिला.

* * *

ऐंशी साल उजाडलं. तो रिकामा वर्ग भरायला लागल्याची बातमी रेनातोच्या कानावर आली. चार-पाच नामांकित वाइन गॅरंटीवाल्या ठरणार होत्या, त्यातल्या दोन त्याच्याच प्रांतातल्या. कांबळे म्हणाला, "बघा, भरतो बॅकलॉग. माणसं तेवढी म्हातारी होतात."

त्याच सुमारास एका दुपारी ऑफिसात रेनातोसाठी गावाकडच्या त्या शेजाऱ्याचा फोन आला. रेनातो फोनवर इतका ओरडत होता, की मशीनवरचे लोक धावत आले.

"रेष हलली! रेष हलली!"

त्याच्या गावाची हद्द वाढवली होती. बापाचा मळा आत आला होता. आता बाटलीवर गावाचं नाव लावता येणार होतं! मुकादम खोपोलीत जाऊन पेढे घेऊन आला. शेवंताबाईंनी रेनातोची दृष्ट काढली. मॅनेजरसाहेबांनी हस्तांदोलन केलं. रेनातो मात्र सगळ्यांना एकच सांगत सुटला, आता मी परत जाणार, मळा मोठा करणार, बाप आणि मी मिळून.

मग त्यानं बापाला ट्रंक कॉल लावला. लाइन लागेपर्यंत संध्याकाळ होत आली. आम्ही बाहेर बाकावर बसून होतो. बोलणं फार थोडक्यात आटोपलं. तो बाहेर आला आणि आमच्या शेजारी बसला.

"काय म्हणाले वडील?" मी विचारलं.

"म्हणाले, रेष हलली. मी होतो तिथंच आहे."

"म्हंजे चिठ्ठी लावनार नाय?" कांबळेनं विचारलं.

रेनातोनं मान हलवली. समोरच्या डोंगरावर दिवे लागायला लागले होते. पेढ्यांचा पुडा त्यानं मांडीवर घेतला आणि बराच वेळ तसाच धरून बसला.

पण तो परत गेला. नोकरी सोडूनच गेला.

* * *

पुढच्या वर्षी मशीनचे नवीन भाग शिकून घ्यायला कारखान्यानं मला आणि कांबळेला इटलीला पाठवलं. कांबळेनं नवा सूट शिवून घेतला होता. एका रविवारी रेनातो गाडी घेऊन आला आणि आम्हाला टेकडीवर घेऊन गेला. काढणीचे दिवस. धुकं इतकं दाट, की मळा दिसेना, फक्त वेलींच्या टोकांवरची लाल पानं मध्येच कुठंतरी लुकलुकायची.

रेनातोचा बाप दारात उभा होता. ठेंगणा, रुंद, हात झाडाच्या मुळांसारखे. त्यानं आम्हाला आत घेतलं, शेगडीजवळ बसवलं, बिनचिठ्ठीची बाटली उघडली आणि पहिला ग्लास कांबळेपुढे ठेवला.

कांबळेनं हात जोडले. "बाबा, आमी घेत नाय. शपथ हाय."

मी रेनातोला सांगितलं, रेनातोनं बापाला. म्हाताऱ्याचा चेहरा पडला. त्या घरात त्या ग्लासाला आजवर कुणी नाही म्हटलं नसावं. रेनातो घाईघाईनं पंचशील समजावून सांगायला लागला. म्हाताऱ्यानं हात वर करून त्याला थांबवलं, टोपी घातली आणि दार उघडून धुक्यात निघून गेला.

आम्ही बसून राहिलो. रेनातो जमिनीकडे बघत होता. कांबळे कासावीस झाला. "पाटणकर, म्हाताऱ्याला लागलं काय वो?"

बऱ्याच वेळानं दार उघडलं. म्हाताऱ्याची टोपी ओली, खांदे ओले. हातात द्राक्षांचा एकच घोस. काळपट, आणि मण्यांवर धुक्यासारखी पांढुरकी साय. त्यानं तो घोस दोन्ही हातांनी कांबळेच्या ओंजळीत ठेवला आणि समोर उभा राहिला.

कांबळेनं एक मणी तोडला. तोंडात टाकला. डोळे मिटले. किती वेळ मिटले होते, मला सांगता येणार नाही.

मग डोळे उघडून त्यानं सरळ मराठीतच विचारलं, "बाबा, हे कंच्या वर्गातलं?"

मी भाषांतराला तोंड उघडणार, तेवढ्यात म्हातारा बोलायला लागला. भरभर, हात हलवत. एकदा दाराबाहेरच्या धुक्याकडे बोट केलं, एकदा स्वतःच्या छातीकडे, एकदा कांबळेच्या. कांबळे मान डोलावत होता. मध्येच दोघंही हसले. मग म्हाताऱ्यानं डोळे पुसले. कांबळेनंही.

मी रेनातोच्या कानाला लागलो, "काय म्हणाले?"

रेनातो बापाकडे बघतच राहिला होता. "ही इटालियन नाही. आमच्या गावची जुनी बोली आहे. आणि इतकं भरभर... मलाही नीट नाही कळलं."

परतीच्या गाडीत मला राहवेना. कांबळे खिडकीशी बसला होता, मांडीवर रुमालात गुंडाळलेला तो घोस.

"कांबळे, खरं सांगा. काय म्हणाला म्हातारा?"

कांबळेनं माझ्याकडे आश्चर्यानं बघितलं.

"अवं, असं काय करता पाटणकर? मराठीतच तर बोलला!"